जेऊरचे ग्रहण आणि मृगातला हिरवा प्रकाश

पुण्याहून सोलापूरकडे येणाऱ्या गाडीत बसलेल्यांना जेऊर स्टेशन ठाऊक असते. करमाळा तालुक्यातले हे गाव आज उजनीच्या पाण्यामुळे, उसामुळे आणि केळीमुळे ओळखले जाते. २२ जानेवारी १८९८ रोजी मात्र जेऊरचे नाव जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांच्या नकाशावर होते. त्या दिवशी शनिवार होता आणि पौषातली अमावास्या. भर दुपारी सूर्य पूर्ण झाकला गेला आणि सुमारे दोन मिनिटे सोलापूर जिल्ह्याच्या या कोपऱ्यात अंधार पसरला. त्या दोन मिनिटांसाठी अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाहून वैज्ञानिक आले होते आणि पुण्याहून एक पारशी प्राध्यापक आपली उपकरणे घेऊन आले होते. त्यांचे नाव कावसजी दादाभाई नायगामवाला.

एकेकाळी भारतातली सर्वांत मोठी दुर्बीण या माणसाच्या ताब्यात होती. आज रेडिओ दुर्बिणींच्या मदतीने ताऱ्यांमधल्या वायूचा आणि ताऱ्यांच्या जन्माचा अभ्यास चालतो. त्या अभ्यासाची आपल्याकडची सुरुवात शोधत मागे गेलो, तर वाट पुण्याच्या सायन्स कॉलेजच्या आवारात येऊन थांबते.

पाच हजार रुपयांची देणगी

नायगामवाला यांचा जन्म १८५७ सालचा. मुंबई विद्यापीठातून त्यांनी पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र घेऊन एम. ए. केले आणि ते एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवू लागले. हा काळ वर्णपटशास्त्राच्या भरभराटीचा होता. काचेच्या लोलकातून प्रकाश गेला की त्याचे रंग अलग होतात, हे शाळेत आपण सगळेच पाहतो. एखाद्या तापलेल्या विरळ वायूचा प्रकाश असा लोलकातून नेला, तर सलग पट्टा न दिसता ठरावीक जागी चमकदार रेषा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा वेगळ्या असतात आणि त्यांच्या जागा बदलत नाहीत. अंगठ्याच्या ठशावरून माणूस ओळखावा, तसे रेषांवरून मूलद्रव्य ओळखता येते. ज्या ताऱ्यापर्यंत कोणी कधी पोहोचणार नाही, तो कशाचा बनला आहे हे सांगण्याची सोय माणसाच्या हाती प्रथमच आली होती.

हे तंत्र आपल्या विद्यार्थ्यांच्या हाती द्यावे, असे नायगामवालांना वाटले. सरकारकडे पैसे मागून लगेच मिळणार नव्हते. १८८२ साली भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी पाच हजार रुपये दिले. मुंबई सरकारने तेवढीच भर घातली. मूळ बेत वर्णपटशास्त्राची प्रयोगशाळा काढण्याचा होता. १८८४ मध्ये नायगामवाला इंग्लंडला गेले, तिथल्या ज्येष्ठ खगोलशास्त्रज्ञांना भेटले आणि बेत बदलला. सर नॉर्मन लॉकियर हे त्यांच्या सल्लागारांपैकी एक होते. सूर्याच्या प्रकाशात हेलियम ओळखणाऱ्यांपैकी एक, म्हणून लॉकियर यांचे नाव आजही घेतले जाते. प्रयोगशाळेऐवजी ताऱ्यांच्या प्रकाशाचा अभ्यास करणारी वेधशाळाच उभारावी, असे ठरले.

वेधशाळा पुण्यात, कॉलेज ऑफ सायन्सच्या आवारात झाली. हेच आजचे अभियांत्रिकी महाविद्यालय, म्हणजे आपले सीओईपी. १८८८ साली महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा सुरू झाली. डब्लिनच्या ग्रब कंपनीच्या तिथल्या परावर्ती दुर्बिणीचा आरसा वीस इंचांचा, म्हणजे सुमारे ५१ सेंटिमीटर व्यासाचा होता. पुढे कित्येक दशके एवढी मोठी दुर्बीण देशात दुसरी नव्हती. मद्रासच्या वेधशाळेचे काम प्रामुख्याने ताऱ्यांच्या जागा मोजण्याचे होते. तारे कशाचे बनले आहेत, हा प्रश्न घेऊन उभी राहिलेली पुण्याची ही वेधशाळा आपल्याकडे अगदी नवी गोष्ट होती.

मृगाच्या बाणाखालचा ढग

हिवाळ्याच्या रात्री पूर्वेला उगवणारे मृग नक्षत्र शेतकऱ्यालाही माहीत असते. चार कोपऱ्यांचे चार तारे, मधोमध ओळीत तीन, आणि त्या तिघांना आपल्याकडे व्याधाने मारलेला बाण म्हणतात. बाणाच्या थोडे दक्षिणेला नीट पाहिले, तर एक पुसट डाग दिसतो. शहराच्या दिव्यांपासून दूर गेल्यास तो नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. हा मृगातला मोठा तेजोमेघ. तो आपल्यापासून सुमारे १,३०० प्रकाशवर्षे दूर आहे.

असे धुरकट ठिपके म्हणजे खूप दूरच्या ताऱ्यांची गर्दी की खरोखरचा वायू, यावर एकोणिसाव्या शतकात मोठा वाद होता. १८६४ साली इंग्लंडमध्ये विल्यम हगिन्स यांनी कालेय तारकासमूहातल्या एका तेजोमेघाचा प्रकाश लोलकातून पाहिला. सलग पट्टा न दिसता मोजक्या चमकदार रेषा दिसल्या. म्हणजे तो वायू होता. ताऱ्यांच्या मधली जागा सगळीच रिकामी नाही, हे त्या दिवशी पक्के झाले. पण एक कोडेही तिथेच सुरू झाले. सर्वांत तेजस्वी हिरवी रेषा पृथ्वीवरच्या कोणत्याही मूलद्रव्याशी जुळेना.

लॉकियर यांच्याकडे एक उत्तर होते. तेजोमेघ म्हणजे एकमेकांवर आदळणाऱ्या उल्कांचे थवे आहेत आणि ती हिरवी रेषा उल्कांमधल्या मॅग्नेशियमची आहे, असे त्यांचे मत होते. मॅग्नेशियमचा प्रकाश त्या जागी एका पट्ट्यासारखा पसरतो. एका कडेला तो ठळक असतो आणि दुसऱ्या बाजूला फिकट होत जातो. तेजोमेघातली रेषा ही त्याच पट्ट्याची उरलेली कडा, असे लॉकियर मानत. हगिन्स यांना ते अजिबात मान्य नव्हते. इंग्लंडमधल्या दोन मोठ्या माणसांमधला हा वाद चांगलाच पेटला होता.

याची तपासणी करता येण्याजोगी होती. रेषा खरोखर पट्ट्याची कडा असेल, तर प्रकाश जास्त फाकवल्यावर ती एका बाजूला पसरट दिसायला हवी. ती स्वतंत्र रेषा असेल, तर कितीही फाकवले तरी बारीक आणि रेखीव राहील. नायगामवाला यांनी पुण्याहून मृगाच्या तेजोमेघावर हीच तपासणी केली आणि १८९१ साली निष्कर्ष लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकातून मांडला. रेषा बारीक आणि रेखीवच राहिली. पट्ट्याची कोणतीही खूण दिसली नाही.

त्याच सुमारास अमेरिकेत लिक वेधशाळेतल्या छत्तीस इंची दुर्बिणीवर जेम्स कीलर यांनी त्या रेषेची जागा अचूक मोजली होती आणि ती मॅग्नेशियमच्या जागेशी जुळत नसल्याचे दाखवले होते. पुण्यातला निष्कर्ष त्याला पूरक ठरला. थोडे थांबून पाहिले, तर यातली अडचण लक्षात येते. वेधशाळा उभारताना ज्यांचा सल्ला घेतला, त्याच लॉकियर यांच्या आवडत्या सिद्धान्ताविरुद्ध हा पुरावा जात होता. गुलाम देशातला एक तरुण प्राध्यापक, नवीकोरी वेधशाळा आणि समोर साम्राज्यातला एक वजनदार शास्त्रज्ञ. दिसले तेच त्यांनी लिहिले आणि ते छापून आले.

दुष्काळ, प्लेग आणि दोन मिनिटे

आता पुन्हा जेऊरकडे वळू. १८९८ च्या खग्रास ग्रहणाची सावली कोकणच्या किनाऱ्यावरून चढून सातारा, सोलापूर, विदर्भ अशी तिरकी उत्तर भारताकडे गेली. जानेवारीत आकाश निरभ्र असते, म्हणून जगभरच्या शास्त्रज्ञांनी या पट्ट्यावर तळ ठोकले. लॉकियर विजयदुर्गला होते. विदर्भात तळणी इथे ब्रिटिश हौशी निरीक्षकांची तुकडी होती आणि तिच्यात जॉन एव्हरशेड होते. जेऊरजवळ लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेल पत्नी एलिझाबेथ यांच्यासह आले होते. जेऊर निवडण्यामागचे कारण साधे होते. ते सावलीच्या मध्याजवळ होते आणि रेल्वे दाराशी होती. काचेच्या आणि लाकडाच्या जड पेट्या बैलगाडीतून फार लांब न्याव्या लागणार नव्हत्या.

पण काळ वाईट होता. १८९६-९७ च्या दुष्काळाने सोलापूर जिल्हा होरपळून निघाला होता. १८९६ मध्ये मुंबईत आलेला प्लेग पुढच्या वर्षी पुण्यात पोहोचला होता. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्ताच्या नावाखाली झालेली घरझडती, लोकांचा संताप आणि जून १८९७ मधली रँडची हत्या, हे सारे अवघ्या सहा-सात महिन्यांपूर्वीचे होते. अशा दिवसांत पुण्याहून माणसे आणि यंत्रे घेऊन निघायचे आणि माळरानावर तळ द्यायचा, हे सोपे काम नव्हते.

ग्रहणाच्या वेळी शास्त्रज्ञांची धांदल का उडते, तेही सांगायला हवे. सूर्याभोवती विरळ वायूचे एक तेजोवलय असते. त्याला प्रभामंडळ म्हणतात. एरवी सूर्याच्या झगमगाटात ते मुळीच दिसत नाही. चंद्राने सूर्यबिंब झाकले की तेवढ्यापुरते ते डोळ्यांना दिसते. त्या प्रभामंडळाच्या वर्णपटातही एक हिरवी रेषा होती आणि तीही कोणत्याही ओळखीच्या मूलद्रव्याशी जुळत नव्हती. तेजोमेघातल्या अज्ञात वायूला शास्त्रज्ञांनी नेब्युलियम नाव दिले होते. सूर्याच्या प्रभामंडळातल्या अज्ञात वायूला त्यांनी कोरोनियम म्हटले. आकाशातल्या दोन हिरव्या रेषांनी त्या पिढीला झुलवत ठेवले होते आणि नायगामवाला दोन्हींच्या मागे होते.

त्या दुपारी आकाश स्वच्छ राहिले. नायगामवाला यांच्या तुकडीने ग्रहणाच्या नोंदी घेतल्या आणि त्यांचा सविस्तर अहवाल वेधशाळेने १९०२ साली प्रसिद्ध केला. जेऊरचे नाव त्या अहवालाच्या मुखपृष्ठावर आहे. कॅम्पबेल यांच्या जेऊरच्या छायाचित्रांतून एक जुनी चूकही उघडी पडली. प्रभामंडळातल्या हिरव्या रेषेची जागा सुमारे तीस वर्षे थोडी चुकीची धरली जात होती. जवळच्याच दुसऱ्या एका रेषेशी तिची गफलत झाली होती. १८९८ मध्ये तिची खरी जागा मिळाली. कोडे सुटायचे तर आधी ते नीट मांडावे लागते, आणि ते मांडण्याचा एक भाग करमाळा तालुक्यात पूर्ण झाला. हेच कॅम्पबेल पुढे लिक वेधशाळेचे संचालक झाले आणि १९२२ च्या ग्रहणात ऑस्ट्रेलियात जाऊन त्यांनी सूर्याजवळून येणारा ताऱ्यांचा प्रकाश वाकतो हे मोजले. आइन्स्टाइनच्या सिद्धान्ताला त्यातून भक्कम आधार मिळाला.

वेधशाळा बंद होते

पुण्याच्या वेधशाळेची गोष्ट मात्र पुढे आनंदाची नाही. ती जवळजवळ एका माणसाच्या बळावर चालली होती. १८९९ मध्ये दक्षिणेत कोडाईकॅनॉलला सरकारची सूर्यवेधशाळा स्थापन झाली होती आणि सरकारचे लक्ष व पैसा तिकडे वळला होता. १९१२ साली नायगामवाला निवृत्त झाले आणि त्यांच्या मागोमाग वेधशाळाही बंद करण्यात आली. दुर्बीण उतरवली गेली, पेट्यांत भरली गेली आणि कोडाईकॅनॉलला रवाना झाली. तिथे त्या वेळी प्रमुख होते तेच जॉन एव्हरशेड, १८९८ च्या ग्रहणात तळणीला असलेले. भावनगरच्या महाराजांच्या देणगीची आठवण म्हणून ही दुर्बीण पुढे भावनगर दुर्बीण या नावाने ओळखली जाऊ लागली. नायगामवाला यांचे नाव तिच्याशी तेवढे जोडले गेले नाही.

यंत्रे गेली, यापेक्षा मोठे नुकसान वेगळे होते. चोवीस वर्षे चाललेल्या कामाला वारस उरला नाही. त्या वेधशाळेत शिकून तयार झालेला पुढचा माणूस तिची सूत्रे घेईल, अशी व्यवस्थाच कोणी केली नव्हती. पुण्यात पुन्हा खगोलशास्त्राच्या मोठ्या संशोधनसंस्था उभ्या राहायला १९८० चे दशक उजाडावे लागले. मधल्या दोन-तीन पिढ्यांतल्या मुलांना सीओईपीच्या आवारात देशातली सर्वांत मोठी दुर्बीण होती, हे ऐकूनही माहीत नव्हते.

दोन कोड्यांची उत्तरे

नायगामवाला १९३८ साली वारले. त्यांच्या हयातीत पहिले कोडे सुटले. १९२७ मध्ये अमेरिकेतल्या आयरा बोवेन यांनी दाखवले, की नेब्युलियम नावाचे काहीच अस्तित्वात नाही. ती हिरवी रेषा ऑक्सिजनची आहे. आपण श्वासात घेतो तोच ऑक्सिजन. फक्त त्याच्या अणूतले दोन इलेक्ट्रॉन निघून गेलेले असतात आणि तो वायू इतका विरळ असतो, की अणू बराच काळ एकमेकांवर आदळत नाहीत. तेवढा निवांतपणा मिळाला तरच ती रेषा उमटते. प्रयोगशाळेत काढलेली उत्तम पोकळीही त्यापुढे दाट ठरते. म्हणून ती रेषा पृथ्वीवर कोणाला सापडली नव्हती. १८९१ साली पुण्यात ती बारीक आणि रेखीव दिसली, याचे कारणही हेच. ती कोणत्याही पट्ट्याची कडा नव्हती, विरळ वायूतल्या एकेकट्या अणूंचा तो प्रकाश होता.

दुसरे कोडे सुटलेले मात्र त्यांना पाहता आले नाही. १९३९ नंतरच्या काही वर्षांत वॉल्टर ग्रोट्रियान आणि बेंग्ट एडलेन यांच्या कामातून स्पष्ट झाले, की कोरोनियम म्हणजे लोखंडच आहे. त्याच्या अणूतले तेरा इलेक्ट्रॉन निघून गेले आहेत. एवढे इलेक्ट्रॉन काढायला दहा लाख अंशांहून अधिक तापमान लागते. सूर्याचा पृष्ठभाग जेमतेम साडेपाच हजार अंशांचा असताना त्याच्या बाहेरचे वलय इतके तापते कसे, याचे पूर्ण उत्तर अजून शोधले जाते आहे. भारताचे आदित्य एल-१ हे यान २०२३ मध्ये ज्या प्रश्नांसाठी पाठवले गेले, त्यांत हा एक आहे.

रेडिओ दुर्बिणीला दिसलेला मृग

मृगातल्या तेजोमेघाची गोष्टही पुढे वाढली. नायगामवाला यांनी पाहिला तो चमकणारा वायू म्हणजे एका अवाढव्य काळोख्या ढगाची पुढची तापलेली साल आहे. त्याच्या मागे दाट, थंड वायू आणि धूळ आहे. तारे जन्मतात ते तिथे. पण धूळ साधा प्रकाश अडवते, त्यामुळे कितीही मोठा आरसा लावला तरी आत काय चालले आहे ते दिसत नाही. रेडिओ लहरींची लांबी धुळीच्या कणांपेक्षा कितीतरी मोठी असल्याने त्या धुळीतून आरपार येतात.

ताऱ्यांमधला थंड हायड्रोजन २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओ लहर सोडत असला पाहिजे, हे हॉलंडच्या हेंड्रिक व्हान द हुल्स्ट यांनी १९४४ मध्ये गणिताने सांगितले. १९५१ साली हार्वर्डमध्ये युएन आणि पर्सेल यांनी ती लहर प्रत्यक्ष पकडली. पुढे या एका लहरीच्या जोरावर आपल्या आकाशगंगेतल्या हायड्रोजनचा नकाशा काढला गेला. ढग जिथे फार दाट होतो तिथे हायड्रोजनचे अणू जोडीने राहू लागतात आणि त्या थंडीत असे रेणू जवळजवळ गप्प असतात. तेव्हा त्यांचा माग काढायला दुसरा साक्षीदार लागतो. १९७० मध्ये विल्सन, जेफर्ट्स आणि पेन्झियास यांनी तो शोधला. तो म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, बंद खोलीतल्या शेगडीत तयार होणारा तोच विषारी वायू. त्याची २.६ मिलिमीटरची रेडिओ लहर त्यांना मिळाली ती याच मृगाच्या तेजोमेघात. त्यानंतर सबंध आकाशगंगेत कार्बन मोनॉक्साइडची पाहणी झाली आणि तारे कुठे जन्मत आहेत, याचे नकाशे तयार झाले. गंमत म्हणजे त्यातले बरेचसे काम जेमतेम सव्वा मीटर व्यासाच्या छोट्या थाळीने झाले. तिची सुरुवात न्यूयॉर्कमधल्या एका विद्यापीठाच्या गच्चीवर झाली होती.

या कामात पुणे जिल्हा पुन्हा जगाच्या नकाशावर आला. नारायणगावजवळ खोडद इथे ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्यांची महाकाय मीटरलहर रेडिओ दुर्बीण, म्हणजे जीएमआरटी, उभी आहे. गोविंद स्वरूप यांनी तिची कल्पना मांडली आणि ती तडीस नेली. जगभरचे शास्त्रज्ञ आज तिथे निरीक्षणासाठी वेळ मागतात. २०२० साली पुण्याच्या शास्त्रज्ञांनी तिच्या मदतीने सुमारे आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांमधल्या हायड्रोजनचे मोजमाप केले. त्या काळी विश्वात तारे आजच्यापेक्षा खूप वेगाने जन्मत होते. पुढे तो वेग का मंदावला, हे समजायला त्यातून मदत झाली. ताऱ्यांना लागणारा कच्चा मालच पुरेसा उरला नव्हता. खोडदची दुर्बीण एका माणसाच्या निवृत्तीबरोबर बंद झाली नाही. स्वरूप यांच्या हाताखाली शिकलेल्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ती चालू ठेवली, नव्या यंत्रणेने सुधारली. नायगामवाला यांना नेमके हेच लाभले नव्हते.

जेऊरला १८९८ च्या तळाची आठवण करून देणारी एखादी पाटी लावायला फार खर्च येणार नाही. करमाळ्यातल्या किंवा सोलापुरातल्या एखाद्या शाळेनेही हे मनावर घेता येईल. तोवर निदान एवढे करता येईल. जानेवारीत रात्री आठच्या सुमारास गावाबाहेर, दिव्यांपासून दूर जा. पूर्वेकडे उंच आलेला मृग शोधा, त्याचा बाण शोधा आणि बाणाच्या थोडे दक्षिणेला तो पुसट डाग पाहा. साधी दुर्बीण असली तर आणखी छान. लेकरांना सांगा, की तिथे आत्ता तारे जन्मत आहेत. आणि तिथला वायू कसा आहे हे तपासून पाहणारा एक माणूस एका ग्रहणासाठी आपल्या जेऊरच्या माळावर येऊन गेला होता, हेही सांगा.